दाजीची साखर

मुंग्यांनी सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्हाला कुणाला पत्ता लागला नसता.

आमचा बोका थंडीत आळशी व्हायचा. बाहेर बागेत जायचं सोडून मागच्या पडवीत पाण्याच्या टाकीशेजारीच कार्यभाग उरकायचा. मी आरडाओरडा करून फरशीवर बादलीभर पाणी ओतायची आणि तो टाकीवर बसून माझ्याकडे बघायचा. दिवाळीनंतर एका सकाळी पाहते तर त्या ओल्या डागाभोवती मुंग्यांची ही दाटी. राहीबाई तिथंच भांडी घासत होती. राखेचे हात तसेच घेऊन ती उठली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाई, दाजीला साखर झालीया. माझ्या सासऱ्याच्या मोरीत असंच हुतं."

दाजी हे नावही तिनंच ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी हा कुठूनसा आला, ताटासमोर बसला, दूधभात खाल्ला आणि सरळ पलंगावर जाऊन झोपला. "बहिनीचा नवरा आल्यावानी आला बगा," असं राहीबाई म्हणाली, आणि तेव्हापासून तो आमचा दाजी.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. बावीस वर्षं एकच काम, साखर मोजायची. उसात किती, रसात किती, मळीत किती. अशा माणसाच्या घरात बोक्याला मधुमेह झाला, ही गोष्ट कारखान्याच्या कॉलनीला महिनाभर हसायला पुरली. शेजारच्या मुक्ताबाई, म्हणजे इंजिनियरसाहेबांच्या पत्नी, मला विचारायच्या, "शोभावहिनी, तुमच्या बोक्याची रिकव्हरी काय लागली हो?" रिकव्हरी म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली तो आकडा. मी वरवर हसायची आणि आत येऊन भांडी आपटायची.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. दाजी चार माणसांचं पाणी पीत होता आणि दिवसेंदिवस हडकत होता. पाठीचा कणा हाताला लागायचा. मागचे पाय टेकून चालायचा. एकेकाळी फळीवर उडी मारणारा बोका पाटावर चढताना दोनदा विचार करायला लागला. मी त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि मला रडू यायचं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो तर तिथले डॉक्टर म्हणाले, "बैल, म्हैस, काही अडलं असेल तर बोला." शेवटी कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हसत हसत का होईना, मनावर घेतलं. त्यांनी पुण्याला कुणाला तरी पत्र घातलं आणि उत्तर आल्यावर आम्हाला सांगितलं: माणसाचंच इन्सुलिन द्या, दोन युनिटपासून सुरू करा, आणि सकाळ-संध्याकाळ लघवी तपासा. साखर जास्त दिसली तर इन्सुलिन थोडं वाढवा, कमी दिसली तर कमी करा. आणि बोका झोकांड्या खायला लागला, थरथरायला लागला, तर काही विचार न करता तोंडात गोड घाला.

लघवी तपासा! बोलायला काय जातं? माणसाला बाटली देता येते. बोक्याला काय देणार?

तपासणी तशी सोपी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत गेलं तर वाढती साखर. विटकरी झालं की पुरे दोन टक्के किंवा त्याहून जास्त. हे सगळं ह्यांनी मोरीच्या कट्ट्यावर मांडलं, भिंतीवर रंगांचा तक्ता लावला आणि एक वही केली. पहिला नमुना पडवीच्या फरशीवरून ड्रॉपरने उचलला. तो लालभडक विटकरी झाला. हे हळहळले, पण रंग स्वच्छ आला म्हणून थोडे खूशही झाले. मी पाहिलं ते.

पुढचे आठ दिवस नुसता तमाशा. दाजीला मोरीत कोंडलं तर तो बारा तास धरून बसायचा. घमेल्यात राख ठेवली तर राख सगळं पिऊन टाकायची. वाळू ठेवली तर नळीत वाळू. मी हातात बशी घेऊन बोक्यामागे बागेत फिरायची, आणि मुक्ताबाई खिडकीतून विचारायच्या, "काय शोधताय?" एकदा बशी नेमकी धरली, तर त्याने लाथ मारून ती माझ्या साडीवर उपडी केली. "तुला एवढंही जमत नाही का?" हे म्हणाले. मी बशी त्यांच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेले. त्या दिवशी त्यांनाही जमलं नाही.

मग ह्यांना युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर दोन दिवस हे जमिनीवर चालत नव्हते. उसाचा रस काढून झाल्यावर जो चोथा उरतो, त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. बॉयलरमागे त्याचे डोंगर पडलेले असतात. ह्यांनी पत्र्याच्या ट्रेला खिळ्याने भोकं पाडली, वर जाडसर बगॅस पसरलं आणि खाली चिनी मातीचं भांडं ठेवलं. वरून बोक्याचं काम होणार, थेंब झिरपून खाली भांड्यात येणार. दाजीला ती मऊ गादी भलतीच आवडली. पहिल्याच दिवशी भांड्यात पुरेसं मिळालं. दर शनिवारी हे सायकलला पोतं बांधून ताजं बगॅस आणायचे. राहीबाई म्हणाली, "आमाला चुलीत घालाया मिळंना आन बोक्याला गादी!"

सुई मी टोचायची. तेही माझ्यावरच आलं, कारण जिवंत कातडीत सुई खुपसायचं ह्यांच्यानं होईना. रोज सकाळी सात वाजता काचेची सिरिंज उकळायची, माठाशेजारच्या ओल्या वाळूतून इन्सुलिनची बाटली काढायची, राहीबाईने दाजीला धरायचं आणि मी मानेच्या कातडीत टोचायचं. राहीबाई त्याच्या कानात पुटपुटत असायची, "झालं झालं, दाजी, झालं." तिच्या हातात तो हलायचा नाही. माझ्या हातात मात्र वाघ होता.

आणि खरं सांगायचं तर तो सुधारला. तीन आठवड्यांत पाणी पिणं कमी झालं, अंगावर मांस आलं. एका दुपारी मी पाहते तर स्वारी फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी. मला इतका आनंद झाला की मी बरणी पडेल म्हणून ओरडलेसुद्धा नाही. दुपारी चारला राहीबाईने नेहमीसारखा चहा टाकला. चहा तीच करायची, साखरेच्या डब्यात तिचा हात माझ्यापेक्षा सरावलेला होता. आम्ही दोघी पडवीत बसून चहा प्यालो, आणि दाजी आमच्या मध्ये पाय ताणून झोपला.

पण नळी विटकरीच.

सकाळी विटकरी, संध्याकाळी विटकरी. ह्यांनी दोनाचे तीन युनिट केले, तिनाचे चार. तरी विटकरी. मी म्हटलं, "अहो, बोका बघा ना! पाणी पीत नाही, उड्या मारतोय."

"दिसण्यावर जायचं नसतं," हे म्हणाले. "नळी खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

त्यांनी वही उघडली, दोन पानं मागे गेले, आणि मग अगदी सावकाश, पुरावा गोळा झालेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "इन्सुलिन दुप्पट झालं, साखर तेवढीच. याचा अर्थ एकच. त्याला कुणीतरी गोड घालतंय. तू दुधात साखर घालतेस का त्याच्या?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बावीस वर्षं ह्या माणसाच्या डब्यात मी किती पोळ्या घातल्या हे त्याने कधी विचारलं नाही, आणि आज बोक्याच्या दुधाची चौकशी! मी बोक्याची शपथ घेतली. हे म्हणाले, शपथेला रंग नसतो. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोन्ही दिवस नळी विटकरी.

माणसाचं मन किती हलकट असतं बघा. मी घालत नव्हते हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नळी खोटं बोलत नाही हे इतक्यांदा ऐकलं होतं, की तेही आता खरं वाटायला लागलं होतं. मग घालत होतं कोण? घरात तिसरं माणूस एकच.

मी लक्ष ठेवायला लागले. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. राहीबाई टाकीच्या आडोशाला उकिडवी बसली होती. दाजी तिच्या पायात घोटाळत होता. तिनं पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं, आणि त्यानं ते हातातून हिसकावून मिटक्या मारत खाल्लं. मी बाहेर आले तशी तिनं गाठ कमरेला खोचली.

"काय घातलंस त्याला?"

"काय न्हाई, बाई."

"मी बघितलंय."

ती भांड्यांकडे वळली. कानशिलं लाल झाली होती. गाळपाच्या सीझनमध्ये कॉलनीभर मळीचा आंबूस वास असा भरून राहतो की दुसरा कुठलाच वास नाकाला कळत नाही. नाहीतर पुढचं सगळं टळलं असतं.

मी ह्यांना सांगितलं. का सांगितलं? माझ्यावरचा आळ उतरावा म्हणून, दुसरं काही नाही. ह्यांनी त्याच संध्याकाळी साखरेचा डबा, गूळ, काकवी, संक्रांतीसाठी आणलेला हलवा, सगळं सागवानी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. माझ्यावरही पुरता विश्वास बसला नव्हता, हे त्यातलं इंगित. रोज सकाळी हे दोन कपांपुरती साखर वाटीत काढून देणार आणि कामावर जाणार.

दुसऱ्या दिवशी चारला राहीबाईने आधण ठेवलं आणि नेहमीच्या जागी हात घातला. डबा नाही. मग तिला कपाटाचं कुलूप दिसलं. तिनं स्टोव्ह बंद केला.

"बाई, चोरी म्हंता व्हय?"

"चोरी कोण म्हणतंय? बोक्याच्या तब्येतीसाठी आहे ते."

"बोक्याला डबा उघडता येतो व्हय?"

त्यावर मला जे सुचलं ते सुचायला नको होतं. मी म्हटलं, "मग त्या दिवशी त्याला काय घातलंस ते सांग ना."

ती सांगेना. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिनं ओले हात पदराला पुसले, दाजीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि गेली. ती परत आली नाही.

कॉलनीत कुलपाची गोष्ट लपून राहत नाही. मुक्ताबाईंकडेही राहीबाईचंच काम होतं; त्यांनी भांडी तपासून घ्यायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत तिला कामावरून काढलं. "बरं झालं तुम्ही वेळीच ओळखलंत," त्या मला म्हणाल्या. मी "हं" म्हटलं. मी तेव्हा फक्त "हं" म्हटलं, हे मला अजून टोचतं.

राहीबाई गेली तरी नळी विटकरीच. ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे अजून कुणीतरी घालतंय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्यावर मी हातातली कढई ओट्यावर आपटली. तिचा कान तुटला. सुईचा आकडा मात्र वर वर चालला. सहा झाले. भोगीच्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "आज आठ दे."

"आठ? एवढ्याशा जिवाला?"

"वहीत बघ. महिनाभर एकदाही उतरलेली नाही."

मी आठ दिले. दाजीला धरायला कुणी नव्हतं, म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून दिले.

दुपारी बाराच्या सुमाराला मी भोगीची भाजी ढवळत होते. मागे धप्प आवाज झाला. दाजी फळीवरून खाली पडला होता. उठायला गेला तर पाय चारीकडे फाकले. डोळे मोठे, काळे झाले होते, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. मग त्याचं सगळं अंग ताठ झालं आणि झटके यायला लागले. स्वयंपाकघराच्या फरशीवरच त्याला लघवी झाली.

गोड घाला, डॉक्टर म्हणाले होते. काही विचार न करता.

मी कपाटाकडे धावले. कुलूप! वाटीतली साखर सकाळच्या चहातच संपलेली. मी बत्ता घेऊन कुलपावर चार घाव घातले. सागवानाला खोक पडली, कुलूप हललं नाही. साखर कारखान्याच्या केमिस्टचं घर, आणि चिमूटभर साखर हाताला लागत नव्हती! मी ह्यांना मोठ्यानं शिव्या दिल्या. ज्या मला येतात हे मलाही ठाऊक नव्हतं अशा दिल्या. मुक्ताबाईंच्या दाराला कडी, सगळे श्रीगोंद्याला बाजाराला गेलेले. पलीकडचं घर बंद. कारखान्यापर्यंत जाऊन यायला अर्धा तास.

कॉलनीच्या कुंपणाला मागे एक फट आहे. तिच्यापलीकडे वस्ती, आणि वस्तीत पहिलंच घर राहीबाईचं. मी दाजीला पदरात गुंडाळलं आणि अनवाणी पळत सुटले. पळताना मला सारखं कळत होतं की मी कुणाच्या दारात चाललेय आणि काय मागायला.

ती दारात तीळ निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. मग पदरातून लोंबणारं शेपूट तिला दिसलं.

"राहीबाई," मी म्हटलं, आणि मला धाप लागली होती, "गोड. काहीतरी गोड दे त्याला. मरतोय तो."

ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली. तेवढा एक क्षणच. मग आत गेली, गुळाचा खडा वाटीत कुस्करला, पाणी घातलं आणि बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळायला बसली. मी त्याचं डोकं धरलं होतं. "झालं झालं, दाजी," ती पुटपुटत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. झटके थांबले. त्याची जीभ बाहेर आली आणि तिचं बोट चाटायला लागली. मग त्यानं डोकं उचललं. मी तिथंच तिच्या सारवलेल्या जमिनीवर बसून हुंदके देऊन रडले.

राहीबाईने वाटी खाली ठेवली. "बाई, एक सांगू? त्या दिवशी मी त्याला सुकट घालत हुते."

"काय?"

"सुकट. वाळलेली बारकी मासळी. बाजारातनं आणत हुते त्याच्यापायी. नुसत्या दूधभातावर बोका जगतो व्हय? पर तुमच्या घरात चालत न्हाई. तुमच्या पडवीत मासळी घातली असं कुन्या तोंडानं सांगू? म्हून बोलले न्हाई." तिनं दाजीच्या पाठीवरून हात फिरवला. "साखर मी माझ्या लेकराला कधी घातली न्हाई. तुमच्या बोक्याला कुठनं घालू?"

दाजीला तिच्याकडेच ठेवून मी घरी आले. भाजी करपली होती. फरशीवरचा डाग अजून ओला होता, आणि त्याच्याजवळ एकही मुंगी नव्हती. मोरीत जाऊन ट्रे पाहिला, तर सकाळीच भरलेल्या बगॅसला काठाकाठानं मुंग्या लागलेल्या. आणि आज दाजी ट्रेकडे फिरकलासुद्धा नव्हता.

मी आयुष्यात कधी ती नळी हातात धरली नव्हती, ते ह्यांचं शास्त्र. पण महिनाभर उभं राहून बघितलं होतं. फरशीवरून ड्रॉपरने आठ थेंब उचलले, औषधात टाकले, दिवा पेटवला. बुडबुडे आले, औषध उकळलं आणि निळंच राहिलं. आकाशासारखं निळं.

दुसऱ्या नळीत औषध घेतलं. ट्रेमधल्या कोरड्या बगॅसवर माठातलं पाणी ओतलं. बोका नाही, लघवी नाही, नुसतं पाणी. खाली झिरपलं त्याचे आठ थेंब टाकले. आधी हिरवं, मग पिवळं, मग बघता बघता विटकरी.

दोन्ही नळ्या मी भिंतीला टेकून ठेवल्या आणि ह्यांची वाट बघत बसले. किती चिडले होते ते सांगता येणार नाही. ह्यांच्यावर तर होतेच, पण त्याहून जास्त स्वतःवर. ह्यांनी नळीचं ऐकून मला खोटं ठरवलं होतं. आणि मी काय वेगळं केलं होतं?

साडेपाचला हे आले. मी आधी निळी नळी दाखवली. "हा बोका." मग विटकरी दाखवली. "हे तुमचं बगॅस आणि माठातलं पाणी."

हे खाली बसले. विटकरी नळी उजेडाकडे धरली. "बगॅसमध्ये दोन टक्के राहतेच साखर," ते म्हणाले. "रोज मीच तपासतो. ओलं पोतं पडून राहिलं की ती फुटून तिचं ग्लुकोज होतं, आणि मग ते ह्या नळीत रंग दाखवतं." ते चष्मा पुसायला लागले. "कारखान्यात दोन टक्के म्हणजे काहीच नाही गं. आम्ही त्याला शून्यच धरतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बोका केव्हाच बरा झाला होता आणि आम्ही त्याला उसाच्या साखरेपायी सुया टोचत होतो.

"मी वहीत दुरुस्ती करतो," हे म्हणाले.

"वहीत!" मी ओरडले. "वही ठेवा तिकडं. चपला घाला आणि चला माझ्याबरोबर."

राहीबाईच्या दारात हे टोपी हातात घेऊन उभे राहिले. दाजी चुलीपुढे आरामात पसरला होता. ह्यांनी घसा साफ केला. "राहीबाई, चूक माझी झाली. साखर बगॅसमध्ये होती."

"ते ठावं हाय की, सायेब," राहीबाई म्हणाली. "आमची शेरडं काय उगाच चघळत्यात व्हय ते?"

ह्यांची टोपी हातातल्या हातात फिरायला लागली. मी ह्यांच्याशी बावीस वर्षांच्या संसारात वादात इतक्या सहजासहजी कधी जिंकले नव्हते, पण त्या दिवशी त्याचं सुख वाटलं नाही. मी म्हटलं, "राहीबाई, उद्यापासून ये कामाला."

"मुक्ताबाईनी काढलं मला. बाकीच्या बी दारातनं परत लावत्यात. त्यांना कोन सांगनार शेरडांचं?"

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी मुक्ताबाईंकडे हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. मी कुंकू लावून घेतलं आणि बसलेच नाही. उभ्यानं सगळं सांगितलं. नळी, बगॅस, कुलूप, आणि राहीबाईने साखरेच्या दाण्याला हात लावला नव्हता हे. तिने दाजीला सुकट घातली आणि तिच्यावर तो जगला, हेही सांगितलं. माझ्या पडवीत सुकट, हे ऐकून दोघीतिघींनी माना वळवल्या. वळवू देत. मुक्ताबाई म्हणाल्या, "अगंबाई, पण तुम्हीच तर तेव्हा 'हं' म्हणालात..." मी म्हटलं, "हो. मीच 'हं' म्हणाले. म्हणून मीच सांगतेय."

डॉक्टरांनी इन्सुलिन बंद करायला लावलं. ह्यांनी ट्रे मोडून भंगारात टाकला. दाजी पुन्हा टाकीशेजारी बसतो आणि मुंग्या येत नाहीत. बाजारच्या दिवशी मी स्वतः जाऊन पदर नाकाला लावून सुकट घेतली. ती राहीबाईच्या दारात नेऊन दिली. तिनं पुडी उघडून बघितली आणि म्हणाली, "जुनी दिली तुमाला. फसवलं." आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या सोमवारी ती कामाला आली. मुक्ताबाईंनीही तिला परत बोलावलं. कुलूप मी तिच्यादेखत काढून विहिरीत टाकलं. साखरेचा डबा पूर्वीच्या जागी, उघड्या फळीवर ठेवला.

चारला तिनं आधण ठेवलं, पत्ती टाकली, दूध टाकलं. मग पातेलं सांडशीत धरून माझ्यापुढे उभी राहिली.

"बाई, साखर टाका."

"अगं, डबा तिथंच आहे. घे ना."

"तुमी टाका."

याला आता दोन वर्षं होत आली. ती सगळं पूर्वीसारखं करते, दाजीला रागे भरते, माझ्याशी हसते, घरचं सांगते. पण रोज चार वाजता पातेलं घेऊन माझ्यापुढे येते आणि थांबते. मी उठते, डबा काढते आणि दोन चमचे साखर टाकते.